डिझेलची दहा वर्षं भरली आणि गाडी माहेरी धाडली

आधीच सांगते, मला गाड्यांमधलं फार काही कळत नाही. बॉनेटचा खटका कुठे असतो हे मला गाडी घेतल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं, तेही बॅटरी बसली म्हणून. पण दिल्लीची डिझेल गाडी महाराष्ट्रात नेऊन पासिंग करून घ्यायचा उद्योग मी स्वतः केलाय, आणि तेव्हापासून इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींचे अधूनमधून फोन येत असतात की तू कसं केलंस ते सांग गं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. जरा लांबेल.

गाडी म्हणजे पांढरी डिझायर, डिझेल. २०१४ च्या गुढीपाडव्याला, ३१ मार्चला, हार घालून नारळ फोडून घरी आणली आणि कागदावर नोंद झाली ४ एप्रिलची. नवऱ्याचं ऑफिस मेट्रोला लागून, माझंही तसंच, त्यामुळे गाडी निघायची ती शनिवार-रविवार, लेकीचे क्लास, गणपतीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात, कोणी गावाकडून आलं तर स्टेशनवर, बस. दहा वर्षांत ६८ हजार किलोमीटर. गावी माझ्या दादाची जीप तेवढं अडीच-तीन वर्षांत करते आणि तीही अर्धी शेतातून.

आता ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. दिल्ली आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत, म्हणजे एनसीआरमध्ये, डिझेल गाडी दहा वर्षांची झाली आणि पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली की रस्त्यावर आणायची नाही, असा २०२४ मध्ये नियम होता. डिझेलचा हा आदेश हरित लवादाचा, एप्रिल २०१५ चा, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. म्हणजे मी गाडी घेतली तेव्हा हा नियम नव्हताच. माझ्या आरसीवर छापलेलं होतं की नोंदणी ३ एप्रिल २०२९ पर्यंत वैध, आणि रोड टॅक्स तर घेतानाच एकरकमी वसूल. १ जानेवारी २०२२ ला दिल्ली सरकारने दहा वर्षं झालेल्या एक लाखावर डिझेल गाड्यांची नोंदणी एका फटक्यात रद्द केली, ते पेपरात वाचलं आणि आपल्याला अजून दोन वर्षं आहेत म्हणून पान उलटलं. दोन वर्षं कशी जातात ते सांगायला नको.

यातली मला सगळ्यात न पटलेली गोष्ट म्हणजे गाडी धुरात कधीच नापास झाली नाही. पीयूसी वर्षातून एकदा, पंपाच्या कोपऱ्यातल्या टपरीत. पोरगा सायलेन्सरमध्ये नळी घालणार, "मॅडम रेस दो" म्हणणार, आपण पाय दाबायचा, दोन मिनिटांत प्रिंट हातात. बीएस-४ (सरकारच्या धुराच्या मानकांचा चौथा टप्पा) डिझेलला धुराची मर्यादा १.६२ ची, आमचा आकडा कायम एकच्या खाली. तर धुरात पास आणि जन्मतारखेत नापास. आणि ती टपरी सोडली तर दहा वर्षांत सरकारतर्फे एकाही माणसाने त्या गाडीकडे वाकून बघितलेलं नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, पुढे सुचलं.

जाग आली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. हवा बिघडली की इथे ग्रॅप लागतो, म्हणजे निर्बंधांचे टप्पे, आणि तिसरा टप्पा लागला की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकी बंद, सापडलात तर २० हजार दंड. जवळजवळ अख्खा महिना गाडी खाली उभी. वरून एवढी धूळ बसली की शेजारच्या पोरांनी मागच्या काचेवर बोटाने वर्ल्डकप फायनलचा स्कोअर लिहिला आणि तो आठवडाभर तसाच राहिला, आधीच दुखावलेल्या माणसाला रोज ऑफिसला जाताना तेच वाचायचं. तेव्हा नवरा म्हणाला, एप्रिलनंतर ही कायमचीच अशी उभी राहणार आणि उभी तरी कुठे करणार, आमच्या सोसायटीत पार्किंग म्हणजे रस्त्याची कडाच, आणि त्या वर्षी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जुन्या गाड्यासुद्धा क्रेनने उचलून नेत होते. नंतर सोडवायचे नियम आले, चारचाकीला १० हजार दंड आणि वर हमीपत्र की पुन्हा दिल्लीच्या रस्त्यावर आणणार नाही.

मग पर्याय बघायला लागलो. स्क्रॅप करायची तर ६८ हजार किलोमीटर चाललेलं ठणठणीत इंजिन लोखंडाच्या भावात द्यायचं. जुन्या गाड्यांचा डीलर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, "गाडी तो मक्खन है, बस उमर हो गयी" म्हणाला आणि असा भाव सांगितला की मी त्याला चहा विचारायचंच विसरले. तोही ती बाहेरच्या राज्यातच पाठवणार होता, फक्त मधला पैसा त्याचा.

आणि मग एजंट. ऑफिसातल्या एकाने नंबर दिलेला. त्याने फोनवरच ३५ हजारांचं पॅकेज सांगितलं, टॅक्स वेगळा. "मॅडमजी, महाराष्ट्र का नंबर चढवा देता हूँ, गाडी यहीं चलाइए." मी म्हटलं गाडी तिकडे न्यायची कधी? तर म्हणे गाडी जाणारच नाही, फक्त चासी नंबरचा प्रिंट जाईल. खरं सांगते, एक संध्याकाळ मी यावर विचार केला. म्हणजे आपल्याकडे तरी काय वेगळं चालतं, पुणे-नागपूर स्लीपरच्या निम्म्या गाड्यांवर नागालँड नाहीतर अरुणाचलचं पासिंग असतं, त्या गाडीने आणि ड्रायव्हरने कोहिमा बघितलेलं नसतं, आणि मोठमोठ्या गाड्यांवर पुदुच्चेरीच्या पाट्या मुंबईत कमी बघितल्यात का. ज्या राज्याचा टॅक्स सोयीचा त्या राज्याची पाटी.

पण नीट वाचल्यावर कळलं की यात मुळातच घोळ आहे. दहा वर्षांची बंदी ही गाडी एनसीआरमध्ये चालवण्यावर आहे, पाटी कुठली आहे त्याच्याशी तिला घेणंदेणं नाही. नोएडा, गुडगाव करून उपयोग नाही कारण तेही एनसीआरच, आणि महाराष्ट्राची पाटी लावून इथे फिरवली तरी गाडीचं वय तेच राहणार. म्हणजे ३५ हजार देऊन फक्त ट्रॅफिकवाल्याला गोंधळात टाकायचं, आणि ज्या दिवशी कॅमेरा आला त्या दिवशी तेही संपलं. शिवाय न बघितलेल्या गाडीवर बघितल्याचा शिक्का, उद्या ॲक्सिडेंट झाला आणि इन्शुरन्सवाल्याने खोदलं तर? मी तत्त्वाची वगैरे आहे असं नाही, घाबरट आहे.

सुटका दादाने केली. कांद्याची निर्यातबंदी नुकतीच लागलेली, त्यामुळे तो तसाही फोनवर चिडलेलाच असायचा. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "मग इकडं पाठव की. आप्पांना गुडघ्यामुळं जीपमध्ये चढवत नाही, दवाखान्याला न्यायचं म्हणजे दोन माणसं लागतात. गाडी माझ्या नावावर कर, टॅक्स मी भरतो." वहिनी मागून म्हणाली, वन्सं येत नाहीत निदान गाडी तरी माहेरी येईल. ठरलं.

कागदांची सुरुवात घरातूनच अडली. आरसीवर अजून बँकेचं नाव. कर्ज २०१९ मध्ये फिटलं, बँकेने तेव्हा एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ दिलाही होता, आम्ही तो नीट फाइलला लावून ठेवला आणि आरटीओत देऊन हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरचं बँकेचं नाव, उतरवायचं राहूनच गेलं. त्या एनओसीची मुदत तीन महिन्यांची. आता नवीन आणायची तर जिथे कर्ज घेतलं ती शाखाच दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, तिथली मुलगी म्हणाली हे खातं आम्हाला दिसतच नाही. बरोबरच आहे, पाच वर्षांपूर्वी बंद झालं. १९ दिवस गेले. ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी हे वाचणं थांबवून आधी आपली आरसी काढून बघा, मी थांबते.

मग चलान. थकीत चलान असेल तर आरटीओच्या एनओसीचा, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही या पत्राचा, अर्ज पुढेच सरकत नाही. आमची दोन निघाली, दोन्ही ओव्हरस्पीडची, दोन-दोन हजारांची, दोन्ही अशा तारखांची जेव्हा मी गावाला होते. नवरा म्हणाला कॅमेरा चुकला असेल. फोटो उघडून दाखवला. भरले.

एनओसीचा अर्ज ऑनलाइन. दिल्लीत ऑगस्ट २०२१ पासून आरटीओची बरीचशी कामं फेसलेस झालीयत, म्हणजे आधारचा ओटीपी टाकायचा, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, फॉर्म २८ भरायचा, कागद अपलोड करायचे. रात्री साडेदहाला डायनिंग टेबलवर बसून केलं. आणि इथे मी माती खाल्ली. कुठल्या आरटीओकडे गाडी न्यायची ते एका लांबलचक यादीतून निवडायचं असतं. आमच्या जिल्ह्यात ऑफिसं दोन, एक जिल्ह्याच्या गावी आणि एक उपप्रादेशिक, आणि माहेरचा तालुका उपप्रादेशिककडे येतो हे मला माहीतच नव्हतं, मी आपलं जिल्ह्याचं नाव दिसलं की टिचकी मारली. नऊ दिवसांनी एनओसी आली, मी आनंदाने दादाला फोटो पाठवला, तो दुसऱ्या दिवशी दाखवून आला आणि म्हणाला, "अगं, हे आपलं ऑफिस नव्हे."

ती रद्द करून नवीन घ्यायची तर फेसलेस चालत नाही, चेहरा घेऊन जावं लागतं. दोन सुट्ट्या, एक अर्ज, एक प्रतिज्ञापत्र की आधीच्या एनओसीवर गाडी कुठेही नोंदवलेली नाही, आणि पुन्हा तेच सगळं. तर अर्ज भरण्याआधी ज्याच्या नावावर गाडी जाणार त्याला त्याच्या गावातल्या कोणाच्याही मोटारसायकलचा नंबर विचारा, सुरुवातीचे दोन आकडे बघा, तेच ऑफिस. एवढं सोपं होतं.

हातात बरोबर एनओसी पडली तोवर फेब्रुवारी संपत आलेला. महाशिवरात्रीच्या सुट्टीला जोडून निघालो, ८ मार्चला पहाटे चारला. सोहना-दौसा एक्सप्रेसवे गेल्याच वर्षी सुरू झालेला, तिथे गाडी अशी काही पळाली की दहा वर्षं हिला आपण रिंगरोडवर कोंडून ठेवली याचं वाईट वाटलं (वेग ठरलेल्या मर्यादेत, यावेळी मी शेजारीच होते). कोट्याला जेवण, इंदूरला मुक्काम आणि अर्थातच सराफ्यात रात्री अकराला खाणं. दुसऱ्या दिवशी सेंधवा सोडलं, घाट उतरला आणि पळासनेरपाशी रस्त्याकडेला पहिली मराठी पाटी आली, टायर पंक्चरचीच होती पण बरं वाटलं. धुळे, मालेगाव, मग पुढे घर. आप्पा ओट्यावर बसलेले. उठले, गाडीभोवती काठी टेकत फिरले, दार उघडून आधी बाहेरून सीटची उंची हाताने मापली, मग बसले. म्हणाले, "जमतंय."

सोमवारी आरटीओ. फॉर्म २७ नवीन नंबरसाठी, फॉर्म २९ आणि ३० नाव बदलायला, एनओसी, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दादाचा पत्ता, गाडी चोरीची नसल्याचा एनसीआरबीचा रिपोर्ट. हे सगळं मी क्लिप लावून नेलेलं. खिडकीवरच्या माणसाने भराभर बघितलं आणि विचारलं, मूळ बिल? शोरूमचं, २०१४ चं. कारण महाराष्ट्रात एकरकमी टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवर लागतो, दहा लाखांपर्यंतच्या डिझेल गाडीला १३ टक्के, आणि मग गाडी जितकी जुनी तितका तो तक्त्याप्रमाणे कमी होत जातो. बिल नसेल तर कमी कशातून करणार. दिल्लीत सासूबाईंना फोन. त्यांनी कपाट, ट्रंक, बेडचा बॉक्स असं सगळं पालथं घातलं आणि ते बिल निघालं लेकीच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये, का ते कोणालाच माहीत नाही. बीसीजीच्या कार्डाला चिकटून दहा वर्षं. फोटो आला, प्रिंट काढली, मूळ प्रत कुरिअरने मागवली. टॅक्स ४६ हजारांच्या वर बसला. दादा गप्प झाला, मग म्हणाला नवी घ्यायला गेलो असतो तर एवढं नुसतं डाऊन पेमेंटलाही पुरलं नसतं. अर्धे मी दिले, त्याला न विचारता. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी पुन्हा दिल्लीच्या खिडकीवर उभं राहायची माझ्यात ताकद उरली नव्हती.

आता तपासणी. याच्यासाठीच मी लिहायला बसले खरं तर.

माझ्या डोक्यात असं होतं की इन्स्पेक्टर लांबून बघणार, सही करणार. बाहेर पत्र्याच्या शेडमधला फॉर्म भरून देणारा दादाला म्हणालाही, "पांढरी गाडी हाय, स्वच्छ धुऊन आणा, झालं." मैदानात आठ-दहा गाड्या ओळीने लावलेल्या, दोन ट्रॅक्टर, एक शाळेची बस. इन्स्पेक्टर एक मॅडम होत्या, तिशीच्या आतल्या, खाकी युनिफॉर्म, हातात कागदाचं पॅड. बसपाशी त्या वीस मिनिटं होत्या, संकटकाळी बाहेर पडायचं दार स्वतः उघडून बघत होत्या आणि ते उघडत नव्हतं. ड्रायव्हर म्हणत होता काल उघडत होतं मॅडम. मी दादाकडे बघितलं.

आमच्याकडे आल्यावर पहिला प्रश्न, "दिल्लीची का? बॉनेट उघडा." चासी नंबर काचेकडच्या बाजूला पत्र्यावर ठोकलेला असतो. १७ अक्षरं-आकडे, एमए३ पासून सुरू. त्यावर दहा वर्षांचं दिल्लीचं काळं बसलेलं. दादाने रॉकेलचा बोळा आणलाच होता, गावाकडच्या माणसाला या गोष्टी आधीपासून माहीत असतात. पुसलं. मग त्यावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात, लहानपणी आपण नाण्याचं करायचो तसं. उमटले. त्यांनी तो कागद आणि आरसी शेजारी शेजारी धरली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागल्या. बाराव्यापाशी थांबल्या. "हा आठ आहे का बी?" गंजाचा एक ठिपका बरोब्बर त्यावर. माझ्या पोटात गोळा आला, दीड हजार किलोमीटर आलोय आणि आता एका ठिपक्यावरून परत जायचं. मॅडम गुडघ्यावर बसल्या, मोबाइलचा टॉर्च तिरका मारला, अंगठ्याच्या नखाने ठिपका खरवडला, फुंकर मारली, पुन्हा टॉर्च. मग म्हणाल्या, "आठच आहे. परत प्रिंट घ्या."

नंतर हेडलाइट, अप्पर-डिपर, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सगळे सीटबेल्ट ओढून बघितले, काचांना काळी फिल्म आहे का ते बघितलं, टायरच्या खाचेत पेनाचं टोक घालून बघितलं. मग मागे जाऊन दादाला म्हणाल्या ब्रेक दाबा. "परत दाबा." मला म्हणाल्या, "ताई, डावा ब्रेक लाइट लागत नाही."

मी म्हटलं कालपर्यंत लागत होता. तो बसचा ड्रायव्हर हसला.

कधीपासून लागत नव्हता कोणास ठाऊक. आपला ब्रेक लाइट आपल्याला कधी दिसतो? सेंधव्याचा घाट त्याच्यासह उतरलो, मागे ट्रक. दिल्लीत फेसलेस एनओसी मिळाली तीही त्याच्यासहच. गेटबाहेरच्या मेकॅनिकने ६० रुपयांत बल्ब बदलला, आम्ही पुन्हा ओळीत लागलो, त्यांनी पुन्हा ब्रेक दाबायला लावला, सही केली आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेल्या. तपासणी नको म्हणून लोक राज्य बदलतात, आमची गाडी मात्र दिल्ली सोडून आली तेव्हा तिला पहिल्यांदा कोणीतरी हात लावून बघितलं. घरी जाताना मी दादाला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, आमच्याकडं सगळ्याच मॅडम अशा नसतात, उगाच हवेत जाऊ नको.

पुढचं भराभर सांगते. नंबर बारा दिवसांनी पडला, आरसीचं स्मार्ट कार्ड पोस्टाने आलं. पाटी नवीन, हाय सिक्युरिटीवाली, ती वेगळी बुक करावी लागली. फास्टॅग गाडीच्या नंबराला बांधलेला असतो त्यामुळे जुना बंद करून नवीन, आणि जुना बंद करायचं मी विसरले तर दोन महिने त्यात चारशे रुपये अडकून होते. इन्शुरन्स दादाच्या नावावर केला तेव्हा कळलं की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो, म्हणजे माझी दहा वर्षांची पुण्याई त्याला मिळणार नाही, प्रीमियम त्याला पूर्ण भरावा लागला. माझी पुण्याई मला पुढच्या गाडीला वापरता आली असती, तीन वर्षांच्या आत घेतली तर. आम्ही काही घेतली नाही. मेट्रो आहे, ओला-उबर आहे, लेक म्हणते आई आपण गरीब झालो का.

आता यावर कळस ऐका. १ जुलै २०२५ ला दिल्लीत जुन्या गाड्यांना पंपावर डिझेल-पेट्रोलच द्यायचं नाही असं सुरू झालं, पंपांवर नंबर वाचणारे कॅमेरे, बाजूला पोलिस. मी सगळ्यांना सांगत सुटले, बघा, मी म्हटलं नव्हतं? आठवडाभरात एवढी बोंबाबोंब झाली की ते गुंडाळावं लागलं. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या वयावरून सध्या कारवाई नको. आणि १७ डिसेंबर २०२५ ला कोर्टाने ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं, बीएस-३ आणि त्याआधीच्यांना नाही. आमची डिझायर बीएस-४. दिल्लीत बीएस-४ तर २०१० पासूनच आहे. म्हणजे बँक, चलान, दोन एनओसी, बीसीजीचं कार्ड, ४६ हजार, आणि दीड वर्ष कुठेतरी झाकून ठेवली असती तर गाडी इथेच राहिली असती. खालच्या मजल्यावरच्या अंकलनी तसंच केलेलं. ताडपत्री घालून ठेवलेली, आता रोज सकाळी मुद्दाम माझ्यासमोर पुसतात.

ती बातमी आली त्या रात्री मी दादाला फोन केला. म्हटलं, ऐकलंस का, आता चालली असती रे इथे. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे गाडीचाच आवाज येत होता, रिव्हर्सचा टुंटुं, आप्पा कुणाला तरी "डावीकडं, डावीकडं" म्हणत होते.

"परत न्यायची का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही रे, तसं नाही.

"नाही म्हणजे, न्यायची तर ने, पण आत्ता नाही मिळायची. डिकीत तीन गोण्या कांदा टाकलाय, उद्या आप्पांना दवाखान्यात सोडून तसंच पुढं मार्केटला जायचंय. आणि ते पुढच्या काचेवरचं दिल्लीचं नारिंगी स्टिकर आहे ना, ते कसं काढायचं ते सांग, पोरांनी ब्लेडनं काच खरवडून ठेवलीय."